शेटे-झेंड्यांचं भांडण सज्ञान झालं

शेटे आणि झेंडे यांचं भांडण गेल्या महिन्यात अठरा वर्षांचं झालं, त्यामुळे आता त्याच्या संमतीशिवाय ते मिटवता येत नव्हतं.

दोघांनाही हे माहीत नव्हतं. ते आपले दोघंच मध्यस्थी केंद्रात आले, दोन वेगळ्या रिक्षांनी, आणि दोन वेगळ्या बाकांवर बसले. मी इतकी खूश झाले की त्यांच्यासाठी पाणी भरताना ग्लास भरून वाहायला लागला तरी मला कळलं नाही. ट्रेनिंग संपल्यानंतरची ही माझी पहिली केस होती.

आमचं केंद्र म्हणजे तालुक्याच्या कोर्टामागची एक खोली. तिथे न्यायाधीश नसतो. कोण बरोबर, कोण चूक हे तिथे कोणी सांगत नाही. दोन्ही बाजूंचे लोक बसतात, एक मध्यस्थ बसतो, आणि वाट त्यांची त्यांनाच काढायला लावतो. मध्यस्थ मी होते.

मी पहिला प्रश्न नियमाप्रमाणे विचारला. भांडण कुठे आहे?

"घरी आहे," झेंडेकाका म्हणाले. "झोपलं होतं. उठवलं नाही."

वय विचारलं तेव्हा दोघांनी पहिल्यांदा एकमेकांकडे बघितलं. शेटेकाका पोस्टातून रिटायर झालेले, त्यामुळे तारखा त्यांच्याकडे असतात. ते म्हणाले, गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचा जन्म. वर्ष सांगितलं. मी बोटांवर मोजलं आणि त्यांना कायदा समजावून सांगितला. भांडण अज्ञान असतं तर आई-बाप म्हणून दोघांनी सही केली असती आणि विषय संपला असता. आता ते तिसरा पक्षकार आहे.

"अहो, पण ते आमचं आहे," झेंडेकाका म्हणाले.

"आता ते स्वतःचं आहे, काका."

झेंडेकाकांनी डोक्याला हात लावला. त्यांनी आयुष्यभर एसटी चालवली होती, आणि बस घाटात बंद पडावी तसा त्यांचा चेहरा झाला. कारण घाई होती. रविवारी नगरपालिकेच्या सभागृहात साठीवरच्यांच्या कॅरम डबल्स होत्या. कॅरम मंडळाचा नियम असा की ज्यांची एकमेकांवर कोर्टात केस आहे, त्यांना एका जोडीत खेळता येत नाही. डबल्समध्ये जोडीदार समोरासमोर बसतात. मागे एकदा केस चालू असलेले दोन चुलतभाऊ असे समोरासमोर बसले आणि एकमेकांकडे बघतच राहिले. पहिली सोंगटी फुटलीच नाही. सभागृह दुसऱ्या दिवशी लग्नाला दिलेलं होतं, म्हणून त्यांना टेबलासकट बाहेर ठेवावं लागलं. त्यानंतर हा नियम आला.

शेटे आणि झेंडे एकेकाळी तालुक्यातली सगळ्यात भारी जोडी होती. अठरा वर्षांपूर्वी फायनलमध्ये शेट्यांनी डोळ्यांनी खुणावलं की डावीकडची सोंगटी सोड. झेंड्यांनी तीच मारली. हरले. त्या संध्याकाळी भांडण झालं.

आता एवढंसं भांडण एवढं मोठं कसं झालं, ते सांगते. त्यांच्या गल्लीत नवीन भांडण काढायची पद्धत नाही. घरात एक असताना दुसरं कशाला, असं तिथे म्हणतात. त्यामुळे पुढे जे जे झालं ते दोघांनी त्याच्यातच घातलं. शेवग्याच्या शेंगा भिंतीपलीकडे गेल्या, त्यात घातल्या. पहाटेचा रेडिओ घातला. झेंड्यांच्या स्कूटरचं तेल शेट्यांच्या रांगोळीवर सांडलं, तेही घातलं. पोरगं अंगाने भरत गेलं. शाळेत जायच्या वयाला ते एकटं नगरपालिकेत जाऊन यायचं. मिसरूड फुटायच्या आत कोर्टात पोचलं होतं. सकाळी ते शेट्यांकडे असायचं, संध्याकाळी झेंड्यांकडे. आजारी असं कधी पडलं नाही. दोघांनी फार काळजी घेतली.

मी त्याला रीतसर बोलावणं पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते आलं.

दारातून आत यायला त्याला वाकावं लागलं. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. नाक शेट्यांचं होतं, खांदे झेंड्यांचे. त्याने सगळ्यांना नमस्कार केला, चपला बाहेर नीट लावल्या, आणि मधल्या खुर्चीत बसलं. खुर्ची मी मुद्दाम मधे ठेवली नव्हती. त्यानेच ती ओढून घेतली. म्हणालं, लहानपणापासून इथेच बसायची सवय आहे.

मी प्रत्येकाला विचारलं की काय हवंय. शेटे म्हणाले, मिटवायचंय. झेंडे म्हणाले, मिटवायचंय. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं, आणि हे ऐकून भांडण थोडं पांढरं पडलं.

"मला मिटायचं नाही," ते म्हणालं. आवाज शांत होता, पण खिडकीची काच हलली.

मग ते बोलायला लागलं. रागाने नाही, अगदी पाठ केल्यासारखं. डावीकडची सोंगटी. शेंगा. रेडिओ. झेंड्यांच्या मुलीच्या लग्नात शेट्यांना पंगतीत दुसऱ्यांदा वाढायला कोणी आलं नाही, ते. शेट्यांनी मग जिलबी न घेता उठून जाणं, तेही. एकेक गोष्ट ऐकताना दोन्ही काका सावरून बसले. शेटे म्हणाले, वाढायला आले नव्हते हे खरंच आहे. झेंडे म्हणाले, येणार होते, जरा दम धरला असता तर. "दम? तू मला दम शिकवतोस? फायनलला तुझा दम कुठं गेला होता रे हणम्या?" शेटे उसळले. मी वर बघितलं तर भांडणाचं डोकं पंख्याला लागलं होतं. बसल्याजागी वीतभर वाढलं होतं.

मी आधी पंखा बंद केला. मग ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे जाहीर केलं की आता प्रत्येकाशी वेगवेगळं बोलू.

शेटेकाका आधी आले. आमच्या ट्रेनिंगच्या बाई म्हणायच्या, माणूस जे मागतो ते नुसतं लिहून घेऊ नका, ते त्याला कशाला हवंय ते विचारा. मी विचारलं, कॅरम तर दुसऱ्या कोणाबरोबरही खेळता येईल की. ते म्हणाले, खेळून बघितलं. बँकेतले एक जण होते, नेम चांगला होता, पण त्यांना प्रत्येक गोष्ट तोंडाने सांगावी लागायची. हणम्याला मी नुसती पापणी हलवली की कळतं. मी म्हटलं, त्या दिवशी नाही कळलं.

मग मी त्यांना झेंड्यांच्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, आता तुम्ही हणमंत झेंडे आहात, त्या फायनलबद्दल बोला. हा प्रयोग करताना लोक सहसा हसतात किंवा चिडतात. शेटे खुर्चीत जरा पसरून बसले, एसटीचं मोठं स्टिअरिंग धरावं तसे हात धरले, आणि स्वतःला मुकुंदा म्हणत बोलायला लागले. म्हणाले, मुकुंदाने खुणावलेलं मला दिसलं होतं. पण मधली सोंगटी जरा हललेली होती. ती त्याच्या बाजूने दिसत नव्हती, माझ्या बाजूने दिसत होती. सांगायला वेळ नव्हता, म्हणून डावीकडचीच मारली. मुकुंदाने एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्याने विचारलंच नाही. सरळ पावडरचा डबा उचलला आणि घरी निघाला.

बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"तेव्हापासूनच," शेटे म्हणाले.

झेंडेकाकांनाही मी शेट्यांच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी एकच वाक्य म्हटलं. हरल्याचं दुःख नव्हतं, तू मला न विचारता खेळलास याचं होतं. मग रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा त्यांना नाहीये. शेट्यांचा टेबलावर राहिला होता, तो पुसला.

मी बाहेर येऊन व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. मला ओरडावंसं वाटत होतं. केस मिटल्यात जमा होती. फक्त तिसरा पक्षकार राहिला होता आणि तोवर तो आत जाऊन पंख्याचं पातं सरळ करत होता.

भांडणाशी कसं बोलायचं हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं. पण गप्प कसं बसायचं, ते होतं. आपण गप्प बसलो की समोरच्याला राहवत नाही. मी समोर बसले आणि मनात सतराचा पाढा म्हणायला लागले. एकदा झाला. भांडण खिडकीबाहेर बघत होतं. त्याला शांततेची सवय नसावी, कारण त्याचे खांदे हळूहळू उतरायला लागले. पाढा दुसऱ्यांदा अर्ध्यात आला तेव्हा ते म्हणालं, "तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?"

मी म्हटलं, या खोलीतलं बाहेर जात नाही. तुमच्या परवानगीशिवाय त्या दोघांनाही सांगता येत नाही.

"मला हॉटेल मॅनेजमेंट करायचंय."

मी चेहरा सरळ ठेवला. विचारलं, कशाला?

त्याने सांगितलं की दोन्ही घरांत दिवसभर त्याला कोणी ना कोणी हाक मारत असतं. सकाळी शेट्यांचा दूधवाला आला की त्याला हाक, दुपारी नळाला पाणी आलं की हाक, संध्याकाळी झेंड्यांकडे पाहुणे आले की त्याला मधे उभं करून सगळं पहिल्यापासून म्हणायला लावतात. फक्त ताटं वाढली की सगळे त्याला विसरतात. तेवढा वेळ त्याला सुट्टी. मग ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघत बसतं. झेंडेकाकू भाकरी कशी थापतात, शेट्यांच्या सूनबाई फोडणीत आधी काय घालतात. "माणसं जेवताना चांगली दिसतात," ते म्हणालं. "मला तशीच बघायचीयत."

"मग मिटायचं नाही असं का म्हणालात?"

"मिटलं म्हणजे मी राहत नाही ना. मला राहायचंय. तिथे राहायचं नाही, एवढंच."

मी जागेवरून उठलेच. मला कळलं की इथे कोणालाच कोणाला संपवायचं नव्हतं. भांडण संपायची गरज नव्हती. ते फक्त घरातून जायला हवं होतं. भांडण घरात नाही म्हटल्यावर दोघांत केस राहत नाही. मी त्याची परवानगी घेतली आणि दोन्ही काकांना आत बोलावलं. आता पाच मिनिटांत सह्या होतील अशा समजुतीत मी पेनाचं टोपण काढूनच ठेवलं होतं.

त्याने स्वतःच सांगितलं. पुण्याला कॉलेज आहे, वसतिगृह आहे, शनिवारच्या गाडीने जाईन.

झेंडेकाका म्हणाले की बाहेरगावी याला कोण सांभाळून घेणार. लहान भांडण असतं तर गोष्ट वेगळी, एवढं मोठं भांडण रस्त्याने चाललेलं बघून लोक पोलिसांना फोन करतील. भांडण म्हणालं, पुण्यात माझ्याकडे कोणी वळूनही बघणार नाही.

शेटेकाकांचा मुद्दा निराळा होता. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग सकाळी उठून मी काय करू?"

पोस्ट सुटल्यापासून त्यांचा दिवस त्याच्यापासून सुरू व्हायचा. अंघोळ झाली की भिंतीशी जायचं, शेंगा बघायच्या, काहीतरी सापडायचं, ते त्याला घालायचं. तेच गेलं तर भिंतीशी जायचं कशाला? झेंडे म्हणाले, माझं तरी वेगळं काय आहे. तू भिंतीशी येतोस म्हणून मी झाडाला पाणी घालायला त्याच वेळेला येतो. नाहीतर शेवग्याला कोण पाणी घालतं?

शेवग्याला पाणी लागत नाही, हे खरं आहे. शेट्यांनी मान हलवली.

बोलणी मोडायच्या बेताला आली होती, आणि मोडली असती तर रविवार गेला असता. मी शेट्यांना विचारलं, ते पूर्ण जावं असं वाटत नसेल तर किती यावं असं वाटतं? यावर शेटे एकदम ताठ झाले. बाजारात भाव करताना माणूस जसा आकडा फुगवून सांगतो तसं म्हणाले, दिवाळीची अख्खी सुट्टी, गौरी-गणपती, आणि पूर्ण मे महिना. भांडण म्हणालं, अजिबात नाही. झेंडे म्हणाले, मे महिना सोडू, पण संक्रांत हवी. भांडण म्हणालं, संक्रांतीला माझं काय काम, तेव्हा सगळे गोड बोलतात. मी काही बोलले नाही. तिघं एकमेकांशी बोलत होते आणि त्यातले दोघं एका बाजूने. ट्रेनिंगच्या बाईंनी हे बघितलं असतं तर पेढे वाटले असते.

शेवटी दिवाळीच्या दोन दिवसांवर सौदा ठरला. फोन कधीही करायचा. घरून चकल्या द्यायच्या, पण कोणाच्या घरच्या ते विचारायचं नाही.

सही करण्याआधी भांडणाने एक अट घातली. यापुढे त्याच्यात काही घालायचं नाही. जे आहे तेवढं पुरे. शिकायचं वय आहे, ओझं नको.

अट रास्त होती. दोघांनी लगेच मान्य केली. मीही आनंदाच्या भरात तिचा फार विचार केला नाही.

शनिवारी एसटी स्टँडवर दोघं एकाच रिक्षातून आले. झेंड्यांनी ड्रायव्हरला भेटून सांगितलं की आमचं पोरगं आहे, वळणावर जरा सांभाळून. शेट्यांनी खिडकीतून पाण्याची बाटली दिली. भांडणाला दोन सीट लागल्या. गाडी सुटली तसं ते लहान दिसायला लागलं, आणि कोपऱ्यावर वळताना तर इतकं लहान दिसलं की शेटे म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी आपण कोर्टात गेलो होतो?

रविवारी मी सभागृहात पहिल्या रांगेत जागा धरली. पंच होते अत्तार सर, हायस्कूलचे पीटीचे. त्यांनी शेटे-झेंड्यांना विचारलं, दोघांत केस आहे का? नाही, म्हणाले. घरात भांडण? पुण्याला आहे, म्हणाले. सरांनी मान डोलावली आणि पावडर टाकली.

काय खेळले ते दोघं. पहिल्या फेरीत समोरच्यांना स्ट्रायकरला हात लावायचीच वेळ क्वचित आली. शेटे पापणी हलवायचे आणि झेंड्यांचं बोट सुटायचं. दुसऱ्या फेरीत लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. मी तर खुर्चीवर उभी होते. फायनल सुरू झाली तेव्हा दारात पण माणसं होती. बोर्ड बरोबरीत होता, डाव झेंड्यांचा होता, आणि नेमका शेट्यांचा फोन वाजला.

अत्तार सरांनी भुवया वर केल्या. शेट्यांनी स्क्रीन दाखवली. सर म्हणाले, मुलाबाळांचा असेल तर घ्या.

शेट्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि झेंडे बोर्डावरून पुढे वाकले. भांडण वसतिगृहातून बोलत होतं. वॉर्डनने स्वयंपाकघर वापरायला दिलं होतं, आमटी उकळत होती, आणि शेवटी काहीतरी कमी लागत होतं. काय घालू?

"गूळ घाल. लिंबाएवढा," शेटे म्हणाले.

"गूळ?" झेंडे म्हणाले. "आमटीत? काही गूळबीळ घालू नकोस. काळा मसाला घाल आणि झाकण ठेव."

"हणम्या, त्याच्या आमटीचा सत्यानाश करू नकोस."

"सत्यानाश तू करतोयस. आमटी आहे ती, बासुंदी नाही."

फोनमधून आमटी उकळल्याचा आवाज येत होता. मग भांडण म्हणालं, "हे माझ्यात घालायचं नाही. सही केलीय तुम्ही." आणि त्याने फोन ठेवला.

दोघं एकमेकांकडे बघत होते. गुळाचा मुद्दा तर निघालेला होता, आणि जुन्यात घालायची सोय आता राहिली नव्हती.

बोर्डाच्या मधोमध, राणीच्या शेजारी, ते बसलेलं होतं. मुठीएवढं. डोळे अजून मिटलेले. अंगाला थोडी पावडर लागली होती.

शेट्यांनी चष्मा वर केला. झेंड्यांनी स्ट्रायकर बाजूला ठेवला, हात शर्टाला पुसले आणि त्याला अलगद उचललं. "नाक तुझं आलंय रे, मुकुंदा," ते म्हणाले. शेटे म्हणाले, हट्टी दिसतंय, म्हणजे तुझ्यावर गेलंय. दोघांचे चेहरे असे झाले होते की मागच्या रांगेतल्या बायकांनी कौतुकाने मान हलवली.

अत्तार सर उठून बघायला आले. पंच म्हणून त्यांना विचारणं भाग होतं. "केस आहे का?"

"अहो सर, आत्ताच झालंय," शेटे म्हणाले.

सरांनी नियम आठवून बघितला. कोर्टात गेलेलं नसेल तर नियम लागत नाही. त्यांनी हाताने खूण केली की डाव चालू द्या.

डाव झेंड्यांचा होता आणि त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते. त्यांनी इकडे-तिकडे बघितलं, मी खुर्चीवर उभी दिसले, आणि त्यांनी ते माझ्या ओंजळीत दिलं. ते चांगलं गरम होतं. त्याने माझी करंगळी घट्ट धरली. मी विचारलं, नाव काय ठेवायचं?

दोघं एकाच वेळी दोन नावं बोलले. माझ्या हातातलं वजन जरा वाढलं. मी त्याला खांद्यावर घेतलं, म्हणजे त्यालाही बोर्ड दिसेल.